गमतखाना

मराठी शिकवणाऱ्या माणसाने शब्दकोश चाळावा, हा त्याचा धर्मच आहे. पण चाळता चाळता एखादा शब्द असा काही मनात ठाण मांडून बसतो, की कोश मिटला तरी तो उठत नाही. ‘गमतखाना’ हा शब्द माझ्या बाबतीत असाच ठरला. जुन्या कोशात तो प्रथम दृष्टीस पडला तेव्हा मला वाटले, छापताना अनुस्वार गळाला असावा. जामदारखाना, नगारखाना, पीलखाना, तसाच हा संस्थानिकांच्या हौसेमौजेचा एखादा गंमतखाना असेल! अर्थ वाचला आणि मी खजील झालो. होडीच्या तळाशी झिरपून आलेले पाणी ज्या खोलगट जागी साचते, त्या जागेला जुने लोक गमतखाना म्हणत. गंमत राहिली बाजूलाच!

हा शब्द वर्गात सांगून मी विद्यार्थ्यांना दोनचार वेळा हसवलेही आहे. परंतु ज्या दिवशी त्या खान्यातले पाणी माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या घोट्यापर्यंत आले, त्या दिवसापासून तो सांगताना मला हसू येत नाही. ती हकीकत, आणि तिच्या निमित्ताने एका मास्तरला मिळालेला धडा, मी आज वाचकांपुढे ठेवणार आहे. हल्ली आपल्याकडे सुट्टीत कोकणात जाऊन होडीत बसण्याची हौस वाढली आहे. ज्यांना ती हौस आहे, त्यांना या धड्याचा थोडाफार उपयोग होईल अशी आशा आहे.

आमचे थोरले मेहुणे (आम्ही सारेच त्यांना अण्णा म्हणतो) मुंबईला एका बँकेत छत्तीस वर्षे काढून निवृत्त झाले आणि आंजर्ल्याला वडिलोपार्जित घरी जाऊन राहिले. दापोली तालुक्यातले हे गाव पुष्कळांनी कड्यावरच्या गणपतीच्या निमित्ताने पाहिले असेल. गावाला लागून जोग नदीची खाडी, पुढे समुद्र, आणि दक्षिणेला हर्णैसमोर भर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग. निवृत्तीनंतर कोणी ज्ञानेश्वरी वाचायला घेतात, कोणी गुलाबाची कलमे लावतात. अण्णांनी होडी घेतली. सोळा फुटी, फायबरची, मागच्या फळीवर इंजिन टांगलेली. मुंबईच्या कोणा हौशी गृहस्थाने ती काही वर्षे वापरून विकली होती.

“या वयात होडी?” माझी पत्नी म्हणाली.

“अगं, या वयात नाही तर केव्हा?” अण्णा म्हणाले. “बँकेत असताना रजा कुठे मिळत होती?”

अण्णा हिशेबी माणूस. त्यांनी होडीच्या सुरक्षिततेचा कागदावर तक्ता मांडला होता. तरंगणारी सहा जाकिटे, दोन वल्ही, नांगर, दोर, आणि पाणी उपसायला विजेचा एक पंप. हा पंप म्हणजे त्यांच्या अभिमानाचा विषय होता. पहिल्या पावसाळ्यात होडी अंगणात गाड्यावर उभी होती. गाड्याचा दांडा जमिनीवर टेकलेला, त्यामुळे होडीचे नाळेकडचे टोक खाली आणि मागचे वर. पावसाचे पाणी साहजिकच पुढे, नाळेजवळच्या बाकाखाली साचे. अण्णांनी ते चार महिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि पाणी जिथे साचते तिथेच वायरमनकडून पंप बसवून घेतला. त्याला लागून तरंगती कळही बसवली. पाणी चढले की ही कळ वर उचलली जाते आणि पंप आपोआप सुरू होतो. यात चूक कुठे आहे ते मला त्या वेळी दिसले नाही. तुम्हालाही कदाचित दिसले नसते.

२०२३ सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही आंजर्ल्याला गेलो. पहिले दोन दिवस खाडीतच फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र अगदी तळ्यासारखा होता, तेव्हा सुवर्णदुर्गाच्या बाजूला जाऊन यायचे ठरले. होडीत आम्ही सहाजण होतो. अण्णा आणि मी मागे, इंजिनाजवळ. मध्ये माझी पत्नी, आमची कन्या आणि अण्णांचा नातू. नाळेवर शेजारच्या वाडीतले एक म्हातारे तांडेल. साऱ्या आयुष्यात मासेमारीखेरीज दुसरा धंदा न केलेला हा गृहस्थ केवळ अण्णांच्या आग्रहावरून आला होता. पत्नीने दोन्ही मुलांना जाकिटे घालायला लावली. आम्ही मोठ्यांनी आपापली जाकिटे उशीसारखी बुडाखाली घेतली. शहाणपण हे मुलांना शिकवण्यापुरतेच असते, नाही का?

वाटेत डॉल्फिन दिसले. अण्णांनी इंजिन बंद केले. पाऊण तास आम्ही त्या काळ्या पाठी मोजत बसलो. सोबत भाजलेल्या शेंगा होत्या. मी शेंगा सोलत होतो आणि टरफले पायाखाली टाकत होतो. आगगाडीत टाकतो तशीच. फळ्यांच्या फटींतून ती खाली जात होती, त्यामुळे केरही दिसत नव्हता. पहिले दोन दिवसही माझा हाच उद्योग चालला होता.

एवढ्यात आमची कन्या म्हणाली, “बाबा, माझी चप्पल पोहतेय.”

मी हसून खाली पाहिले आणि माझे हसू तिथेच थांबले. फळ्यांवर घोटाभर पाणी होते. मागे वळून पाहतो तो होडीची मागची कड समुद्राच्या पातळीपासून जेमतेम वीतभर वर उरलेली. फळ्यांखालची सारी पोकळी भरून गेली, तरी आम्हाला पत्ता नव्हता. कारण फळीखालचे पाणी दिसत नाही.

अण्णांनी शांतपणे पंपाचे बटण दाबले. नाळेकडून घुर्र असा कोरडा आवाज आला. थेंब बाहेर पडेना. पंप होता पुढे, पाणी होते मागे. अण्णांचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला आणि दुसरीकडे नजर वळवली. बँकेच्या तिजोरीत रोकड कमी भरल्यावर खजिनदाराचा चेहरा तसा होत असेल.

तांडेल ओरडला नाही. “मास्तर, तुमी बसल्या बसल्या म्होरं सरका. बाई, तुमीबी. कुनी उबं र्‍हाऊ नका.” आम्ही सरकलो. होडीचे मागचे अंग थोडे वर आले. आता पाणी पुढे जाईल आणि पंपाला लागेल असे अण्णांना वाटले. पाणी हलेना. तांडेलाने मागची फळी उचलली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मूठभर लगदा बाहेर काढला. ती माझी टरफले होती.

होडीच्या तळात आडव्या पट्ट्या असतात. तळाचे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जावे म्हणून त्या पट्ट्यांना अगदी खालच्या अंगाला बोटभर भोके ठेवलेली असतात. ती भोके मी तीन दिवस निष्ठेने बुजवत आणली होती.

पाणी येत होते ते मागच्या फळीच्या तळाशी असलेल्या भोकातून. होडी किनाऱ्यावर घेतली म्हणजे आतले पाणी वाहून जावे यासाठी हे भोक असते, आणि पाण्यात असताना त्याला बूच लावलेले असते. त्या बुचाचे रबर वाळून तडकले होते. वेगाने जाताना त्याचा त्रास जाणवला नाही. थांबल्यावर मागचे अंग खाली बसले आणि समुद्र आत येऊ लागला. तांडेलाने चिंधी मागितली. माझ्या पत्नीने काही न बोलता ओढणी काढून दिली. ती बुचाभोवती गुंडाळून त्याने बूच ठोकून बसवले. मग त्याने आपल्या पिशवीतून गोड्या तेलाचा पाच लिटरचा, तिरपा कापलेला प्लॅस्टिकचा डबा काढला आणि तो उपसू लागला. तो थकला की मी, मी थकलो की अण्णा. वीस मिनिटांनी फळ्या कोरड्या झाल्या. मुले एका शब्दानेही रडली नाहीत. परत येताना कोणी कोणाशी बोलले नाही.

त्या रात्री माझ्या पत्नीने एकच वाक्य उच्चारले. “अण्णा, माझी मुलगी पुन्हा तुझ्या होडीत बसणार नाही.” सख्ख्या भावाला उद्देशून एवढे थंड वाक्य तिच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. वाक्य अण्णांना उद्देशून होते. पण टरफले कोणाची, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल आला आणि अण्णांना म्हणाला, “होडी धक्क्याला लावा. आनि कालच्यासारकं समदं जागेवर बसा.”

आम्ही बसलो. पत्नी अर्थातच आली नाही. तिच्या जागी तांदळाचे एक पोते ठेवायचे ठरले. ते किती किलोंचे असावे यावरून अण्णांत आणि माझ्यात जी कुजबुज झाली, ती येथे देत नाही. आमच्या कन्येऐवजी नारळाची गोणी ठेवली. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर, सारे जिथल्या तिथे. मग तांडेलाने बादलीभर पाणी घेतले, त्यात मूठभर हळद कालवली, फळ्या काढल्या आणि होडीच्या मध्यावर ते पाणी ओतले. पिवळा ओघळ क्षणभर घुटमळला आणि सरळ मागे, टाकीखाली, डाव्या कडेला जाऊन बसला. पंपापासून चांगला बारा फूट लांब.

“आता इंजिन लावा,” तांडेल म्हणाला. खाडीतून थोडा वेग घेतला तशी नाळ वर उचलली गेली आणि पिवळे पाणी मागच्या फळीला जाऊन चिकटले. इंजिन बंद करताच तेच पाणी लाटेसारखे पुढे आले, मध्यापर्यंत येऊन पुन्हा मागे गेले आणि पहिल्या जागी स्थिरावले.

“अण्णा, जिमनीवरची होडी येगली, पान्यातली येगली, आनि मानसं बसल्याली येगली,” तो म्हणाला. “पानी कुटं बसतंय ते मानसं बसवून बगायचं.”

मला एकदम आमची पुण्यातली मोरी आठवली. नव्या घरात राहायला गेल्यावर कळले, की गवंड्याने फरशी सुरेख बसवली आहे, जाळीही चकचकीत आहे. फक्त उतार जाळीच्या उलट दिशेला आहे! गेली बारा वर्षे आमच्या घरातले प्रत्येक माणूस आंघोळीनंतर एका कोपऱ्यातले पाणी खराट्याने जाळीकडे लोटते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच चालत असेल. मोरीत तेवढ्याने भागते, कारण मोरी हलत नाही. होडीचा उतार मात्र दर क्षणाला बदलतो. इंजिनाचे वजन, टाकीतले पेट्रोल, कोण कुठे बसला आहे, वेग किती आहे, शिडाची होडी असेल तर ती वाऱ्याने कोणत्या कुशीवर कलली आहे, या साऱ्यांवर तिचे सर्वांत खोल ठिकाण ठरते. मागे इंजिन टांगलेल्या छोट्या होडीत ते बहुधा मागच्या फळीजवळच असते. पण ‘बहुधा’ या शब्दावर कोणी आपली मुले होडीत बसवू नयेत. बादलीभर पाणी ओतून पाहावे.

पुढचे चार दिवस मी अण्णांबरोबर वायरमनच्या हाताखाली राबलो. ती माझी प्रायश्चित्ताची रीत होती. आम्ही पंप उचलून मागे, तळाच्या मधल्या रेषेवर, सर्वांत खोल जागी बसवला. तो असा बसवला, की फळी उचलली की हात थेट त्याच्या जाळीपर्यंत पोहोचावा. कारण पंप बंद पडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे जाळीत अडकलेला केर. ज्या पंपापर्यंत हात पोहोचत नाही तो पंप साफ होत नाही, आणि गरजेच्या वेळी कामी येत नाही. तळातली भोके मोठी करून घेतली. तरंगती कळ पंपाच्या शेजारी, त्याच्यापेक्षा किंचित वरच्या पातळीवर बसवली. ती पंपाखाली राहिली तर पंपाला उचलता न येणाऱ्या पाण्यावरही चालू राहते आणि बॅटरी संपवते. फार वर राहिली तर पाणी बरेच चढेपर्यंत झोपून राहते. या कळीची तार मुख्य बटणावरून न नेता, स्वतंत्र फ्यूज घालून सरळ बॅटरीला जोडली. म्हणजे होडी धक्क्याला बांधून, सारी बटणे बंद करून आपण घरी झोपलो, तरी रात्रीच्या पावसात पंप जागा राहतो. बॅटरी मात्र तळातून उचलून वर घेतली. पाणी चढल्यावर पहिला घोट बॅटरीनेच घेतला, तर पंपाचा उपयोग काय?

नळीचा धडा आणखी वेगळा. वायरमनने पहिल्या खेपेला नळी आत पन्हाळीसारखी लोंबती ठेवली आणि तिचे बाहेरचे तोंड मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीपासून चार बोटे वर काढले. पंप झकास चालला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग तांडेलाने आम्हा तिघांना मागे बसायला सांगितले. होडीचे मागचे अंग दबले, ते तोंड पाण्याखाली गेले, अण्णांनी पंप बंद केला, आणि ज्या नळीतून पाणी बाहेर जात होते तिच्यातूनच ते गुपचूप आत येऊ लागले. रॉकेलच्या पिंपात नळी घालून एकदा तोंडाने ओढले की रॉकेल आपले आपण वाहत राहते, हे ज्यांनी रेशनच्या दुकानात पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. तेव्हा नळीचे तोंड होडीच्या काठालगत, शक्य तितके वर काढले. नळी पंपापासून सारखी चढत नेली, आणि तोंडाशी येण्यापूर्वी त्याच्याही वर वळसा घालून मग खाली आणली. मध्ये लोंबता भाग राहिला तर तिथे पाणी साचते, मागे हवा कोंडते आणि पंप नुसता फिरत राहतो. आतून वळ्यावळ्यांच्या नळीऐवजी गुळगुळीत नळी घेतली, कारण वळ्या पाण्याला अडवतात. पाणी उलट येऊ नये म्हणून नळीत एकमार्गी झडप घालावी, असे वायरमनने सुचवले. पण अशी झडप पाण्याचा जोर कमी करते, आणि तिच्यात कचरा अडकला की ती उघडत तरी नाही किंवा मिटत तरी नाही. नळीचे तोंड उंच ठेवण्याला अडकण्याची भीती नाही.

आणखी एक गोष्ट. तळाच्या पाण्यात पेट्रोल किंवा तेल मिसळले असेल तर ते पंपाने खाडीत सोडू नये. फडक्याने टिपून घ्यावे. खाडीत मासे आहेत, आणि ते मासे पकडून पोट भरणारी माणसेही आहेत. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तीही पाण्यासारखी तळाशीच जाऊन बसते, आणि तिला एक ठिणगी पुरते.

पुण्याला परतल्यावर मी आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना गाठले. भोकातून वाहणाऱ्या पाण्याचा वेग कसा काढावा, हे टॉरिचेली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली प्रसिद्ध केले आहे. त्यावरून आम्ही हिशेब मांडला. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडले, तर पाणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने आत शिरते. धार आकसते हे धरले, तरी मिनिटाला चाळीस लिटरांच्या वर पाणी येते. भोकाचा व्यास दुप्पट झाला तर पाणी चौपट.

आता पंपाकडे पाहू. अण्णांच्या पंपाच्या खोक्यावर ताशी ११०० गॅलन असे छापले होते. अमेरिकन गॅलन धरला तर हे मिनिटाला सुमारे ६९ लिटर होतात. आकडा दिलासा देणारा आहे. परंतु तो पंपाला नळी न लावता आणि पाणी वर न चढवता मोजलेला असतो. नळी जोडली, तीन फूट चढ दिला, बॅटरी थोडी उतरली, की प्रत्यक्षात निम्मे पाणी बाहेर पडले तरी समाधान मानावे. म्हणजे मिनिटाला पस्तीस लिटर. रुपयाएवढ्या भोकापुढे हा पंप हरतो. पंप ही घरातली केरसुणी आहे. रोजचे शिंतोडे, पाऊस, ओल्या दोराचे पाणी, बुचाची गळती ती झाडून काढते. घरात पूर शिरला तर केरसुणी घेऊन कोणी उभे राहत नाही. आधी भोक बुजवायचे, मग डबा घेऊन उपसायचे, आणि पंपाला त्याचे काम करू द्यायचे. तांडेलाने नेमक्या याच क्रमाने काम केले होते.

आणि पाण्याचे वजन? चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळावर पाच सेंटिमीटर पाणी साचले, की ते अडीचशे लिटर, म्हणजे अडीचशे किलो. न बोलावलेले चार जाडजूड पाहुणेच होडीत येऊन बसले म्हणा! शिवाय हे पाहुणे एका जागी बसत नाहीत. होडी डावीकडे कलली की सारे डावीकडे धावतात आणि तिला आणखी कलवतात. थोडे पाणी थोडाच धोका आणते, हा आपला समज म्हणूनच खोटा आहे.

तळाचे पाणी बाहेर कसे काढावे, ही माणसाची फार जुनी विवंचना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या हिएरॉन राजाने एक प्रचंड जहाज बांधले होते. त्याच्या तळातले पाणी आर्किमिडीजच्या मळसूत्री यंत्राने एकटा माणूस उपसून काढी, असे अथेनिअस या ग्रीक ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. दुसरे टोक पाहायचे तर ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची मुलांची शिडाची होडी घ्या. १९४७ साली अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये क्लार्क मिल्स यांनी ती आखली. लांबी जेमतेम आठ फूट. आज जगभर, आपल्या मुंबईतही, मुले तिच्यावर शीड धरायला शिकतात. या होडीत पंप नाही. होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून हवेच्या पिशव्या आहेत, आणि पाणी उपसायला एक डबा आहे. तो डबा होडीला दोरीने बांधलेला असला पाहिजे, असा त्या होडीच्या शर्यतीचा नियमच आहे. उलटल्या होडीतून डबा वाहून गेला तर त्याचा उपयोग काय? नियम करणाऱ्याने हे अनुभवातूनच लिहिले असणार.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा आंजर्ल्याला गेलो. होडीचा विषय कोणी काढला नाही. अण्णांनी तर नाहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी पत्नी स्वतःच धक्क्यावर येऊन उभी राहिली.

“अण्णा,” ती म्हणाली, “बादली कुठे आहे?”

अण्णांनी बादली दिली. तिने त्यात हळद कालवली, आम्हा सर्वांना जागेवर बसवले, फळी उचलली आणि पाणी ओतले. पिवळे पाणी मागे गेले. कळ उचलली गेली, पंप सुरू झाला आणि काठालगतच्या तोंडातून पिवळी धार खाडीत पडली. ती धार थांबेपर्यंत पत्नी पाहत होती. मग तिने वाकून बूच चाचपले, ते नवे आहे याची खात्री केली, आणि आपले जाकीट अंगात घातले. यंदा ते बुडाखाली घेण्याची आमच्यापैकी कोणाचीच हिंमत झाली नाही.

आमची कन्या तिच्या जागी बसली आणि तेलाच्या डब्याची दोरी तिने बाकाच्या पायाला दोनदा गाठ मारून बांधली. तांडेल नाळेवर होता. समुद्र शांत होता. डॉल्फिन मात्र या खेपेला दिसले नाहीत. शेंगा होत्या. घरी आल्यावर पत्नीने माझा सदरा धुवायला घेतला, तेव्हा त्याचे दोन्ही खिसे टरफलांनी गच्च भरलेले होते. ती काही बोलली नाही. खिसे उलटे करून तिने टरफले केळीच्या आळ्यात टाकली.